घोड्याचं नाव सयाजीराव!

सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन महिनाही पुरा झालेला नाही. इंग्लंडात डॉनकास्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही तिथली सगळ्यात जुनी क्लासिक शर्यत लागलीय आणि पहिला आलाय सयाजीराव! मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. घोड्याला नाव दिलं थेट आजोबांचं. जिंकला तोही डोक्याएवढ्या फरकाने. मराठी घराण्याचं नाव लावून एक घोडा जगाच्या रेसच्या इतिहासात जाऊन बसला आणि आपल्याकडे त्याची आठवण काढणारं कोणी नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते. म्हणून हा खटाटोप.

गोष्ट मांडव्यातून सांगायची, याला कारण आहे. मांडवा म्हटलं की कोणाला ‘अग्निपथ’मधला विजय दीनानाथ चौहान आठवतो, कोणाला गेटवेची लाँच, तर कोणाला मार्च २०२० पासून गाडीसकट माणसं घेऊन येणारी भाऊच्या धक्क्याची रो-रो. घोड्यासाठी हे गाव प्रसिद्ध नाही. पण जेट्टीवर उभं राहून चारही दिशांना बघा. समोर पाण्यापलीकडे महालक्ष्मी रेसकोर्सची मुंबई. शेजारी सासवणे, तिथे देशातल्या एका अतिशय देखण्या ब्राँझच्या घोड्याचा शिल्पकार जन्मला. खाली अलिबागला ओहोटी बघून किल्ल्यात जाणाऱ्या घोडागाड्या. वर डोंगरात माथेरान. आणि दक्षिणेला महाड, तिथे तर घोड्याच्या रक्ताने माणसं वाचली आहेत. तेव्हा सयाजीरावाला मधोमध ठेवू आणि या सगळ्यातून एक फेरी मारू.

थोरल्याला गिऱ्हाईक नाही, धाकट्याला विक्रमी भाव

सयाजीरावाची आई रोझी लेजंड. यॉर्कशरच्या सर एरिक ओल्सन यांनी ही फ्रेंच घोडी ३,५०० गिनींना घेतली, तेव्हा ती गाभण होती. १९४२ साली तिला शिंगरू झालं, त्याचं नाव दांते. वर्षाचा झाल्यावर ओल्सननी त्याला लिलावात उभा केला. अपेक्षा तेवढीच, ३,५०० गिनींची. बोली ३,२०० वर अडकली आणि दांते परत घरी आला.

तीनशे गिनींसाठी ज्यांनी हात आखडला, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत काय पाहिलं? दोन वर्षांचा दांते १९४४ मध्ये एकही शर्यत हरला नाही. १९४५ ची डर्बी त्याने मारली, तीही डोळ्यांचं दुखणं सुरू झालेलं असताना. उत्तर इंग्लंडात तयार झालेल्या घोड्याने डर्बी जिंकण्याची ती शेवटची वेळ; तेव्हापासून उत्तरेला डर्बी मिळालेली नाही. पुढे दांते पूर्ण आंधळा झाला, तरी त्याची संतती जिंकतच राहिली. यॉर्कला दर मे महिन्यात त्याच्या नावाची शर्यत अजून होते आणि डर्बीचे उमेदवार तिथे जोखले जातात.

आता १९४५ मध्येच या दांतेचा सख्खा भाऊ, तेच आईबाप असलेला, लिलावात आला. काय झालं असेल? बोली २८,००० गिनींवर थांबली! वर्षभराच्या शिंगराला तिथे तोवर एवढा भाव कधी आला नव्हता. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हाच्या ठरलेल्या दराने, रुपयाला दीड शिलिंग, हे होतात तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. खोगीर कधी पाठीवर न पडलेल्या, धावेल की नाही हेही माहीत नसलेल्या पोरासाठी.

बंगालच्या दुष्काळाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, हेही इथेच सांगायला हवं. संस्थानिकांच्या उधळपट्टीवर त्या काळी टीका झाली, ती योग्यच होती. घोडा मात्र त्यात निरपराध. त्याने आपली किंमत पायांनी फेडली.

बापासाठी बॉम्बपासून आसरा

बाप निआर्को. इटलीच्या फेदेरिको तेसिओ यांनी वाढवलेला. चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली त्याला एका इंग्रज बुकीने साठ हजार पौंडांना घेतलं आणि न्यूमार्केटला आणून ठेवलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं. निआर्कोसाठी पागेजवळ खास हवाई हल्ल्यापासूनचा आसरा बांधण्यात आला. दांते, सयाजीराव ही त्याची युद्धकाळातली पोरं.

निआर्कोचा आणखी एक मुलगा निआर्क्टिक आणि निआर्क्टिकचा मुलगा नॉर्दर्न डान्सर. आज जगात कुठल्याही मोठ्या शर्यतीत उतरलेल्या घोड्यांची वंशावळ उघडा, नॉर्दर्न डान्सर हटकून सापडतो. महालक्ष्मीच्या डर्बीतही. म्हणजे आपला सयाजीराव हा नॉर्दर्न डान्सरचा बापाकडून काका लागतो. काका स्वतः गाजला, पण वंश पुतण्याचा फोफावला, असं घराण्यांत होतंच.

कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याचा सयाजी, इंग्लंडचा घोडा

ज्यांच्या नावाचा घोडा, ते सयाजीराव तिसरे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८६३ चा जन्म, शेतकरी कुटुंब, घरातलं नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयांचं जाळं, १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती. त्यांचं काम सांगायला वेगळा अंक लागेल. १९३९ मध्ये ते मुंबईत वारले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

नातवाने आजोबांच्या नावाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक हा घोडा. दुसरं बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, १९४९ सालचं. कोणतं मोठं हे सांगायची गरज नाही. पण दोन्हींवर नाव एकच आहे, आणि दोन्ही प्रतापसिंहरावांच्याच हातून झालं, हे मला फार विलक्षण वाटतं. खजिन्यातल्या खर्चावरून आणि संस्थानाच्या विलीनीकरणावरून त्यांचे भारत सरकारशी खटके उडाले, १९५१ मध्ये महाराज म्हणून त्यांची मान्यता काढून घेतली गेली. न्यूमार्केटची पागाही मग मोडली.

जॉकी जगला एकशे तीन वर्षं

सयाजीरावावर बसायचा एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियन जॉकी. पण इंग्लंडला जाण्याआधी तो आपल्या मुंबईत नाव काढून गेला होता. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज, पाठीवर एडगर ब्रिट! म्हणजे आपल्या डर्बीची पहिली विजेती घोडी होती, घोडा नव्हे, आणि तिच्यावर बसलेल्याच माणसाने चार वर्षांनी डॉनकास्टरला सयाजीराव जिंकवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या घोड्यावर बसून त्याने पुन्हा सेंट लेजर मारली. २०१७ मध्ये वारला तेव्हा त्याचं वय होतं एकशे तीन.

घोडा तयार करणारा होता सॅम आर्मस्ट्राँग. त्याची मुलगी सुझन पुढे लेस्टर पिगट या जगप्रसिद्ध जॉकीशी लग्न करून गेली. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१९४७: प्रत्येक शर्यतीला एक तारीख

रेसचा घोडा तीन वर्षांचा असतो तो हंगाम खरा. क्लासिक शर्यती तेव्हाच, आयुष्यात एकदाच. सयाजीरावाचं ते वर्ष होतं १९४७, आणि त्या वर्षाची तारीखवार उजळणी करायला मजा येते, कारण एकीकडे दिल्लीत देशाचे कागद तयार होत होते.

वसंतात टू थाउजंड गिनीज. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने ती आठ लांबींनी जिंकली. एवढ्या फरकाने की बाकीचे वेगळी शर्यत धावत होते म्हणा ना. सयाजीराव तिसरा.

मग लिंगफिल्डला डर्बीची चाचणी शर्यत, ती सयाजीरावाने मारली.

३ जून. माउंटबॅटन योजना जाहीर, फाळणी नक्की. चारच दिवसांनी, शनिवारी ७ जूनला, एप्समची डर्बी. साऱ्या इंग्लंडचा पैसा ट्यूडर मिन्स्ट्रेलवर. तो आला चौथा! पहिला आला एकास चाळीस भावाचा पर्ल डायव्हर. दुसरा आगाखानांचा मिगोली, तिसरा सयाजीराव. म्हणजे दुसऱ्या नंबरचा मालक पुण्यात आगाखान पॅलेस बांधणारा, तिसऱ्याचा मालक बडोद्याचा गायकवाड. ब्रिटिश राज संपायला दहा आठवडे राहिलेले, आणि इंग्रजांच्या सगळ्यात लाडक्या शर्यतीत बक्षिसाच्या जागा अशा वाटल्या गेल्या.

त्याच महिन्यात आयर्लंडमध्ये करा मैदानावर आयरिश डर्बी. सयाजीराव पहिला.

आणि सप्टेंबरात सेंट लेजर. पावणेदोन मैलांहून जास्त अंतर, किलोमीटरमध्ये तीनच्या जवळ. ही शर्यत नुसत्या वेगाची नाही, दमाची. शेवटच्या फर्लांगात फ्रान्सचा आर्बार सयाजीरावाला भिडला आणि डोक्याएवढ्या अंतराने मागे राहिला. मिगोली तिसरा. हे हरलेले दोघे काही ऐरेगैरे नव्हते. पुढच्याच वर्षी आर्बारने अ‍ॅस्कटचा गोल्ड कप नेला आणि मिगोलीने पॅरिसची आर्क द त्रियोंफ. सयाजीरावाची खरी ताकद या दोघांच्या पुढच्या यशावरून कळते. स्वतः त्याने १९४८ मध्ये रॉयल अ‍ॅस्कटला हार्डविक स्टेक्स मारली आणि मग तो निवृत्त झाला.

बाबू आणि बाबूचा बाबू

महाराजांच्या त्याच पागेत दुसरा एक घोडा होता, फ्रेंच रक्ताचा. सुरुवातीला नाव लेरिन्स. पुढे बदलून ठेवलं माय बाबू. त्याने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली. सात वर्षांनी, १९५५ मध्ये, तीच शर्यत त्याच्या मुलाने जिंकली. मुलाचं नाव अवर बाबू! इंग्लंडच्या क्लासिक विजेत्यांच्या यादीत सयाजीराव आहे आणि दोन बाबूही.

माय बाबू नंतर अमेरिकेत केंटकीला गेला. तिथे रेसपेक्षा वेगळ्याच गोष्टीने त्याचं नाव झालं. त्याच्या वंशातले घोडे अडथळ्यांवरून उड्या मारण्यात आणि शो रिंगमध्ये इतके चमकले की घोडा उडी चांगली मारतो म्हटल्यावर तिथले जाणकार वंशावळीत माय बाबू शोधायला लागले.

वॉरन प्लेस आणि आयर्लंडमधलं बडोदा

न्यूमार्केटचं वॉरन प्लेस हे प्रतापसिंहरावांचं. पागा मोडल्यावर १९५२ मध्ये ते घोडे तयार करणाऱ्या नोएल मरलेस यांनी घेतलं, आणि त्यांच्यानंतर त्यांचे जावई हेन्री सेसिल यांनी. तिथेच सेसिलनी तयार केला फ्रँकेल, २०१० ते २०१२ मध्ये चौदा शर्यती धावून चौदाही जिंकणारा. निआर्कोचा आकडाही चौदाच. आणि फ्रँकेल कोणाचा? गॅलिलिओचा. गॅलिलिओ सॅडलर्स वेल्सचा, सॅडलर्स वेल्स नॉर्दर्न डान्सरचा. आजोबा-पणजोबांच्या त्या रांगेत शेवटी निआर्को उभा. सयाजीराव जिथे राहिला, त्याच आवारात त्याच्या बापाचा वंशज पासष्ट वर्षांनी बापाची बरोबरी करून गेला.

आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात बडोदा स्टड नावाची अश्वशाळा आहे. महाराजांच्या काळापासूनचं नाव. गादी गेली, संस्थान गेलं, पण तिकडच्या हिरव्या कुरणात ‘बडोदा’ या नावाने आजही शिंगरं जन्मतात आणि लिलावात विकली जातात.

मुलगी जास्त लाडकी

निवृत्तीनंतर सयाजीराव आयर्लंडमध्ये राहिला. त्याच्या पोरांमध्येही बापाचाच गुण उतरला. लांब अंतर, न थकता. १९६० मध्ये त्याची मुलगी लिंक्रिस आयरिश ओक्स जिंकली. १९६४ मध्ये मुलगा इंडियाना याने सेंट लेजर मारली, बापानंतर सतरा वर्षांनी, त्याच मैदानावर.

पण लोकांचा जीव होता तो ग्लॅडनेसवर. पाच वर्षांची ही घोडी १९५८ च्या एकाच उन्हाळ्यात अ‍ॅस्कट गोल्ड कप, गुडवुड कप आणि यॉर्कचं एबोर हँडिकॅप जिंकली. तयार करणारा व्हिन्सेंट ओब्रायन, आणि पाठीवर तोच तो लेस्टर पिगट, सयाजीराव घडवणाऱ्या आर्मस्ट्राँगचा होणारा जावई. रेसच्या जगात अशी नाती सारखी सापडतात. माणसांची आणि घोड्यांची वंशावळ हळूहळू एकत्रच वाचावी लागते.

पळणाऱ्या घोड्याच्या आत काय चालतं

आता आपल्या किनाऱ्यावर या. ओहोटीची ओली, घट्ट वाळू. घोडेवाल्याने सकाळी खरारा केलेला आहे, कातडी चकाकतेय. पोराला वर बसवून तो घोडा थोडा दुडका चालवतो. खूर पडतो तेव्हा वाळूतलं पाणी क्षणभर बाजूला सरकतं आणि खुराभोवती एक फिकट वर्तुळ उमटतं. नीट बघा, पायाला खूर एकच आहे. घोडा खरं म्हणजे मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. पाचशे किलोंचं धूड, चार नखांवर.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. चौखूर उधळला की पावलाशी श्वास जुळतो. एक झेप, एक श्वास, अगदी ठरलेलं. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. उभ्या उभ्या डुलकी काढतो, कारण पायांचे सांधे स्नायूंना फारसा ताण न देता अडकवून ठेवता येतात. विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला तीस ते चाळीस, पूर्ण वेगात दोनशेच्या पुढे. आणि सगळ्यात भारी म्हणजे त्याची प्लीहा. तिच्यात तांबड्या पेशींचा राखीव साठा असतो. घोडा धावायला लागला की ती आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. जोर लागेल तेव्हा रक्त दाट करायची सोय निसर्गाने आतच करून ठेवलीय.

उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का, यावर शतकानुशतकं वाद होता. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात रेसच्या घोड्याचे एकापाठोपाठ फोटो काढून तो मिटवला. सोडतात! पण पाय पुढेमागे ताणलेले नसतात तेव्हा, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. तोवरच्या बहुतेक चित्रकारांनी उलटं रंगवलं होतं.

इथे सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांची आठवण येतेच. विनायक पांडुरंग करमरकर, १८९१ चा जन्म. घराच्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या या मुलाला ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरने हेरलं आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पाठवलं. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ मध्ये अनावरण झालेला, ब्राँझचा, एकसंध ओतलेला. त्या घोड्याची मान, छाती, मागच्या मांडीचे स्नायू पाहताना कळतं की कलाकाराने जिवंत घोड्याजवळ बराच वेळ घालवला असणार. सासवण्यातलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, मांडव्याहून अगदी जवळ. रो-रोने येऊन थेट रिसॉर्ट गाठणाऱ्यांनी अर्धा तास तरी तिथे थांबावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खारं पाणी आणि रेड रम

समुद्राचं आणि रेसच्या घोड्याचं नातं विचाराल तर रेड रम. या घोड्याच्या खुराच्या आतलं हाड दुखावलेलं होतं. त्याला घेणारा जिंजर मकेन इंग्लंडच्या साउथपोर्ट गावात गाड्यांचा धंदा करायचा. त्याच्याकडे पळवायला मैदान नव्हतं, होती ती समोरची वाळू. रोज किनाऱ्यावर दौड आणि खाऱ्या पाण्यात पाय. घोडा सुधारला, आणि १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकला. दुसऱ्या कोणाला ते जमलेलं नाही.

आपल्याकडे अलिबागला ओहोटी लागली की घोडागाड्या समुद्राच्या तळावरून कुलाबा किल्ल्याकडे निघतात, चाकं पाण्यात, घोडे गुडघाभर. घोडेवाल्यांना भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ. शर्यत म्हटली की या तालुक्यात बैलगाडीच आधी, वाळूवर धुरळा न उडता पळणारी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावांत किती आनंद झाला असेल, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. डोंगरावर माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे घोडा ही तिथली रोजची सवारी, आणि ऑलिम्पिया नावाचं स्वतःचं रेसकोर्सही.

मुंबईची रेस मुळात सुरू झाली भायखळ्याला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा पळायचे ते बहुतेक अरबी घोडे, बसऱ्याहून गलबतांनी आलेले.   त्याच अरबी रक्ताचा मेळ दख्खनच्या तट्टांशी होऊन भीमथडी घोडा तयार झाला, मराठ्यांच्या स्वारीचा काटक, थोड्या चाऱ्यावर मजल मारणारा. अलीकडेच त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. उशिरा झाली, पण झाली याचा आनंद आहे.

शर्यत संपल्यावर

रेसचा घोडा धावतो जेमतेम तीन-चार हंगाम. आयुष्य पंचवीस वर्षांचं. सयाजीरावासारखे मोजके निवृत्तीनंतर वंश चालवतात. बाकीच्यांचं काय? या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या महाराष्ट्रात तयार झालं, आणि मला ते कुठल्याही डर्बीपेक्षा मोलाचं वाटतं.

पूनावाला कुटुंबाचा पुण्याचा स्टड १९४६ पासूनचा. तिथले निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, लस आणि सीरम तयार करण्यासाठी. सायरस पूनावालांच्या मनात आलं, घोडे आपले आहेत, तर सीरम आपणच का करू नये? १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, सुरुवात धनुर्वाताच्या सीरमने. आज लशींच्या मात्रा मोजल्या तर जगातली सगळ्यात मोठी लसनिर्माती संस्था तीच आहे. मुळाशी उभा आहे रेसमधून उतरलेला घोडा.

सर्पदंशावरचं प्रतिविषही घोड्याचीच देणगी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचं विष अगदी थोड्या मात्रेने, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारक प्रतिद्रव्यं तयार होतात. मग ठरावीक प्रमाणात रक्त काढून, त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करून, शुद्ध करून प्रतिविष बनतं. सगळे घोडे काही रेसचे नसतात. पण कोकणात भातलावणीच्या दिवसांत, फुरशाने दंश केलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आणतात आणि सलाइनमधून जे औषध त्याच्या अंगात सोडतात, ते कुठल्या तरी घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं.

आणि विंचू. तांबडा विंचू चावला की माणूस फुप्फुसात पाणी होऊन दगावू शकायचा, लहान मुलं तर जास्तच. १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध यावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’ने त्यांचं लिखाण छापलं, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढे हाफकिनने घोड्यांपासून विंचवावरचं प्रतिविष तयार केलं. नुसतं प्राझोसिन की त्याच्या जोडीला प्रतिविष, असं बावस्करांनी महाडमध्येच रुग्णांवर पडताळून पाहिलं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आला. ज्यांना प्राझोसिनसोबत घोड्याचं प्रतिविष मिळालं, ते कितीतरी तास आधी बरे होऊन घरी गेले.